इल्वाची पकड

सोमवारी सकाळी कारखान्याने नव्या चाकूचा फोटो टाकला आणि तेव्हापासून माझं बूड काही खुर्चीला टेकलं नाही. घरातल्या एकूण एक चाकूला मी धार लावली. लोणी फासायच्या सुरीलाही. मग शेजारच्या बाईंकडचे मागून आणले. त्या म्हणाल्या, "एवर्ट, तुझं काही बिनसलंय का?" मी म्हटलं, "माझं कशाला बिनसेल, धार गेली होती म्हणून लावली." त्यांनी आपले चाकू उचलले आणि दार लावून घेतलं.

आमचा चाकू अगदी साधा. बर्चच्या लाकडाची मूठ, निळ्या रंगाने रंगवलेली, मध्ये जराशी फुगीर. तिच्यात बसवलेलं वीतभराहून लहान पातं. संपलं. मूठ आणि पातं यांच्यामध्ये हाताला अडवणारं काही नाही. शंभर वर्षं तो असाच बनत आलाय आणि आमच्या तळ्याकाठी एक घर असं सापडायचं नाही जिथे दाराशी खिळ्याला तो टांगलेला नाही. नव्या फोटोत मुठीच्या पुढच्या टोकाला एक कड दिसत होती. करंगळीच्या नखाएवढी उंच. बदललं होतं ते एवढंच.

तेवढ्यावरून आमच्या चाकू मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर तीनशे बारा जणांनी तोंडसुख घेतलं. एकाने लिहिलं, "पुढच्या वर्षी चाकूला हेल्मेट." दुसऱ्याने लिहिलं, "माझे आजोबा नव्वद वर्षं जगले, दहाच्या दहा बोटं घेऊन गेले, कडेवाचून." एक नॉर्वेवाला म्हणाला की स्वीडिश लोकांना आता काट्याचमच्यालाही कड लागेल, आणि त्याच्या अंगावर आमचे चाळीस जण धावून गेले. अमेरिकेतल्या एकाने जुन्या घडणीचे साठ चाकू एकदम मागवले आणि तळघरात रचून त्यांचा फोटो टाकला. शहाणे होते तेही होते. ते म्हणत होते, धारेच्या दगडावर पातं सपाट टेकवलं की ही कड आडवी येणार, मुळाशी अर्धा सेंटिमीटर कायमचा बोथट राहणार, आणि खरं कोरकाम तर मुळाशीच होतं.

मी मात्र एक अक्षर लिहिलं नाही, आणि लोकांना खुपलं ते हेच. पस्तीस वर्षं मी शाळेत लाकूडकाम शिकवलं, मंडळाच्या शिबिरात आजही पहिला तास माझाच असतो. एवर्ट काय म्हणतो, एवर्ट कुठे आहे, असं चाललं होतं. शेवटी बर्टिलचा फोन आला. हा आमच्या मंडळाचा अध्यक्ष. जन्मभर पोस्टात होता, त्यामुळे दुसऱ्याचं पत्र आपल्याच नावाचं असल्यासारखं वागतो.

"काय रे, मूग गिळून का बसलायस? शनिवारी सभा आहे. कारखान्याचे साहेब स्वतः येतायत. मंडळाने ठराव केला की कड रद्द, तसं कबूल केलंय त्यांनी. भाषण तू करायचंस."

"दुसरं कुणी नाही मिळालं?"

"पोरगी समोर बसणार म्हणून कचरतोयस होय? अरे, घरचं घरी, चाकूचं चाकूपाशी."

कारण ती कड माझ्या मुलीने बसवली होती. इल्वा कारखान्यात चाकूंचे आराखडे काढते. बेचाळीस वर्षांची आहे. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, पहिलं आणि मधलं. लिहिते ती डाव्या हाताने.

मंगळवारी ती घरी आली. कोट काढायच्या आधीच तिने तो नवा चाकू टेबलावर ठेवला.

"घे, धरून बघ. शिव्या नंतर घाल."

मी धरला. तो वाईट असता तर बरं झालं असतं. बरा होता.

"मुळाशी धार लागणार नाही याला," मी म्हटलं.

"लागते. खालून बघ, कड तिरकी कापली आहे. दगडावर सपाट बसतो. फोटोत ते दिसत नाही, आणि तुझे तीनशे पंडित फोटोच बघतायत."

"मग लिही तसं पानावर."

"लिहिलं. त्याखाली बर्टिलकाकाने लिहिलं, पोरी, तुझं आणि चाकूचं जुनं वाकडं आहे ते ठाऊक आहे आम्हाला. त्याला एकशेवीस जणांनी अंगठा दिला." ती हसली, पण नुसत्या ओठांनी. "पप्पा, साहेबांनी स्पष्ट सांगितलंय. मंडळ नाही म्हणालं तर कड जाणार, आणि मी परत म्यानांची चित्रं काढायला बसणार. दोन वर्षं घातली आहेत मी यात."

"तुला दुसरं काही सुचलं नाही का? शंभर वर्षं काही..."

"मी हे मंडळासाठी केलंच नाही. प्रत्येक वर्गात एक मुलगी असते. तिला कितीही शिकवा, तिचा हात चुकीचाच पडतो. तिच्यासाठी केलंय. माझ्यासारखीसाठी."

मी कॉफी ओतायला उठलो. कप भरलेलेच होते. किटली हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो.

"माझ्या बाजूने बोल असं नाही म्हणत," ती म्हणाली. "फक्त विरुद्ध बोलू नकोस. जमेल एवढं?"

"बघतो," मी म्हणालो. बापाने असं उत्तर देऊ नये. पण तोंडातून निघालं ते तेच.

आता जे कुणालाही सांगितलेलं नाही ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तिचा अकरावा वाढदिवस होता. तिला मी आमच्या कारखान्याचा निळा चाकू आणला होता. आता आम्हा शौकिनांची एक खोड आहे. रंगवलेली मूठ आम्हाला बघवत नाही. रंग लाकडाला झाकतो, लाकडाला श्वास घेता आला पाहिजे, असलं काहीबाही आम्ही बोलतो. म्हणून मी पॉलिश पेपरने सगळा निळा रंग उतरवला आणि मुठीला जवसाचं कच्चं तेल पाजलं. एक हात दिला, दोन दिले. बर्चमधल्या रेषा अशा काही उठून आल्या की राहवेना, म्हणून वाढदिवसाच्या सकाळी तिसरा हात दिला. कच्चं तेल वाळायला दिवस नाही, आठवडे लागतात. हे वाक्य मी दरवर्षी शाळेत फळ्यावर लिहायचो. पण पाहुणे यायचे होते आणि मला ती मूठ मिरवायची होती. फडक्याने पुसली आणि दिली पोरीच्या हातात.

अंगणात बसून ती लाकडातून लोण्याची सुरी कोरत होती. लाकडात गाठ आली, पातं अडकलं, तिने जोर केला, आणि तेलकट मुठीवरून तिचा हात सरकन पुढे पात्यावर गेला. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती हाताकडे बघत राहिली. कारखान्याचा रंग ठेवला असता तर काही झालं नसतं.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कसं झालं. मी म्हणालो, तिने चाकू चुकीचा धरला होता. का म्हणालो, देव जाणे. एकदा म्हणालो आणि मग तिच्या आईला तेच सांगितलं, शाळेत तेच सांगितलं. इल्वाने एकदाच विचारलं, "पप्पा, मी कसा धरला होता?" तेव्हा मी तिला धरून दाखवला. अंगठा सैल, मूठ पुढे सरकलेली. तिने तसा कधी धरलाच नव्हता. बसल्या जागी मी ती चूक घडवली आणि पोरीच्या नावावर टाकली. तिने मान डोलावली.

आणि याहून वाईट पुढे आहे. वर्षभराने शिबिरात एका माणसाने विचारलं, सगळ्यात धोक्याची पकड कुठली. मी तीच दाखवली आणि म्हणालो, ही आमच्या इल्वाची पकड, अशी धरली की दोन बोटं जातात. लोकांच्या ते डोक्यात पक्कं बसलं. तेव्हापासून दर शिबिरात पहिल्या तासाला मी ती दाखवतो. मंडळाच्या पुस्तिकेत सातव्या पानावर तिचं चित्र आहे, खाली ठळक अक्षरात नाव आहे. जर्मनीहून येणाऱ्या लोकांना वाटतं, इल्वा म्हणजे एखादं गाव असेल.

बुधवारी मी सरपण फोडलं. फोडलेलं पुन्हा फोडलं, काडीएवढं होईपर्यंत. गुरुवारी तळ्यावर होडी घेऊन गेलो आणि जाळं घरीच विसरलो. जेवायला बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठे जायचं ते ठरेना. फोन उशाला ठेवायचो आणि दर दहा मिनिटांनी बघायचो. आकडा वाढतच होता. तीनशे ऐंशी. चारशे पाच. मीच शिकवलेली एक बाई लिहीत होती, "पकड शिकवा, कड नको. इल्वाची पकड कशी टाळायची हे आमच्या एवर्टने एका तासात शिकवलं मला." खाली दोनशे अंगठे होते. त्यांत एक इल्वाचा. माझ्या पोरीने त्याला अंगठा दिला होता. मी फोन पालथा घातला आणि अंगणात जाऊन उगीचच कुंपण हलवून बघितलं.

शुक्रवारी बर्टिल ठरावाचा मसुदा घेऊन आला. चष्मा नाकावर ओढून त्याने वाचून दाखवला. "दोष चाकूत नसून पकडीत आहे, हे आमचे ज्येष्ठ सभासद एवर्ट यांनी स्वतःच्या घरातल्या दुःखद उदाहरणावरून वारंवार सिद्ध केले आहे."

"हे काढ," मी म्हणालो.

"का? यावर तर सगळा ठराव उभा आहे."

"तिला वाईट वाटेल."

"तिला? अरे, ती स्वतःच सांगत फिरते सगळ्यांना. तुझ्यापेक्षा ती धीट आहे." त्याने कागद घडी करून खिशात घातला. "उद्या अकराला. ती पकड दाखवशील ना? साहेबांना एकदा डोळ्यांनी दिसली की विषय मिटला."

मी काही बोललो नाही. त्याने तो होकार धरला. बर्टिलशी असंच होतं, गप्प बसलं की आपण हो म्हणालेलो असतो.

शनिवारी गावच्या जुन्या कोठारात नव्वदेक माणसं जमली. बाहेर बर्चला नुकती पालवी फुटली होती. आत वेलदोडा घातलेल्या बनपावांचा वास सुटला होता. ते गुनवोरने आणले होते. ती मंडळाची चिटणीस. तिच्याएवढा सुंदर चमचा कुणी कोरत नाही आणि तिच्याएवढं फटकळ कुणी बोलत नाही. कारखान्याचे साहेब पहिल्या रांगेत वही उघडून बसले होते. इल्वा टेबलामागे उभी होती, उजवा हात जाकिटाच्या खिशात घालून.

ती छान बोलली. थोडक्यात बोलली. कड खालून कशी तिरकी कापली आहे ते दाखवलं, दगडावर पातं घासून दाखवलं, डाव्या हाताने. मग चाकू लोकांत फिरवला. ज्यांनी पानावर सगळ्यात जास्त आरडाओरडा केला होता त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि गपचूप पुढे दिला. एक जण हळूच म्हणाला, "तसा वाईट नाही." त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

मग बर्टिल उठला. ठराव वाचला. ते दुःखद उदाहरणाचं वाक्य आलं तेव्हा इल्वाने खाली मान घातली नाही. उलट साहेबांकडे बघून म्हणाली, "बरोबर आहे. चूक माझीच होती. म्हणूनच मला माहीत आहे की शिकवूनही काही मुलांचा हात चुकतो."

"पोरी, तू प्रामाणिक आहेस," बर्टिल प्रेमाने म्हणाला. प्रेमानेच म्हणाला, तो माणूस वाईट नाही. "पण एकीचा हात चुकला म्हणून शंभर वर्षांचा चाकू बदलायचा का? एवर्ट, ये बाबा. दाखव साहेबांना."

मी पुढे गेलो. कुणीतरी जुना निळा चाकू माझ्या हातात दिला. लोकांनी फोन वर धरले. तीस वर्षांची सवय हाताला, अंगठा आपोआप सैल पडला, मूठ आपोआप पुढे सरकली. "ही इल्वाची," एवढं मी म्हणालोही. आणि समोर बघितलं तर तीही बघत होती. माझ्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. शाळेतली मुलं बघतात ना, आपली चूक फळ्यावर काढली की, तशी.

मी हात खाली घेतला.

"हे खोटं आहे," मी म्हणालो. "तिने असा धरलाच नव्हता. मुठीचा रंग मी खरवडून काढला होता आणि कच्चं जवसाचं तेल दिलं होतं. त्याच सकाळी. वाळलं नव्हतं. हात घसरला तो तेलावरून. मला तेव्हापासून माहीत आहे."

मला वाटलं आता लोक उठतील, माझ्यावर धावून येतील. आले असते तर बरं झालं असतं.

"कच्चं तेल?" बर्टिल म्हणाला. "तू? तूच तर आम्हाला सांगतोस, उकळलेलं वापरा."

"उकळलेलंही तीन दिवस घेतं," मागून एक जण म्हणाला.

"बर्चला कच्चंच हवं. फक्त टर्पेंटाइन घालून पातळ करायचं."

"टर्पेंटाइन? लाकूड मारायचंय का तुला?"

दोन मिनिटांत अर्धं कोठार एका बाजूला आणि अर्धं दुसऱ्या बाजूला. कुणी खिशातून आपला चाकू काढून मूठ समोरच्याच्या नाकाशी धरली, बघ, हे कच्चं, दहा वर्षं झाली. गुनवोरने टेबलावर थाप मारली. "अरे, तो पोरीच्या बोटांचं बोलतोय आणि तुम्ही तेल काय घेऊन बसलात?" ते गप्प झाले. मग एकाने अगदी नरम आवाजात विचारलं, "किती हात दिले होतेस रे?"

"तीन," मी म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण मीसुद्धा उत्तर दिलं.

इल्वा टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आली. तिने माझ्या हातातला चाकू काढून घेतला. रडत नव्हती. कारखान्यात मोजमाप विचारतात तशा आवाजात तिने विचारलं.

"अंगठा कुठे होता माझा?"

"मुठीवर. घट्ट."

"मूठ पुढे होती?"

"नाही. जिथे असायला हवी तिथेच."

"मग माझं काय चुकलं?"

"काही नाही. मी शिकवलं होतं अगदी तसंच केलंस तू."

तिने मान हलवली. चाकू टेबलावर ठेवला. मग तिने उजवा हात वर धरला आणि मी आत्ताच सांगितलं तसा नसलेला चाकू हवेतच धरून बघितला. दोन बोटं सरळच राहिली.

"पप्पा, मी गाडी शिकले नाही," ती म्हणाली. "तू चेष्टा करतोस ना, बसवाली, बसवाली म्हणून. मला वाटायचं, माझ्या हातात काही दिलं की मी ते चुकीचंच धरणार. बहिणीचं बाळ मी सहा महिन्यांचं होईपर्यंत उचललं नव्हतं. ती अजून रुसून आहे."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं होतं दोन बोटं, एवढाच हिशेब आहे. मी म्हणालो, "इल्वा, माझं..." तिने मला पुढे बोलू दिलं नाही.

"ते नंतर," ती म्हणाली. "घरी. किंवा नकोच."

तेलाचा वाद मागे हळू आवाजात पुन्हा सुरू झाला होता. साहेबांनी वही मिटली. गुनवोर पेन घेऊन थांबली होती. तिने विचारलं, "एवर्ट, मग ठरावात काय लिहू?"

"ठराव राहू दे," इल्वा म्हणाली. "यांच्यातल्या निम्म्यांनी ऐकलंच नाही. पप्पा, पुन्हा सांग. मोठ्याने."

मी त्या नव्वद माणसांकडे वळलो. त्यांतल्या बहुतेकांना मीच शिकवलं होतं. मी सांगितलं की इल्वाने चाकू बरोबर धरला होता.

बर्टिलने कानातलं यंत्र चाचपलं आणि म्हणाला, "काय म्हणालास? ऐकू नाही आलं."

मी इल्वाकडे बघितलं. ती हात खिशात न घालता उभी होती, वाट बघत.

मग मी तिसऱ्यांदा सांगितलं.